कारण : इतर

आवडत्या माणसाला अचानक भेटायची काही वेळ असते, काही जागा असते. हातात कोळंबीची गळकी पिशवी, केसांना तेल आणि अंगावर घरातला विटका कुर्ता... ही ती वेळ नव्हे. राजोडीच्या किनाऱ्यावर, रविवारी सकाळी अकरा वाजता, एलिसा तुस्कानोला हे फार नीट कळलं.

सकाळी आगेराची, नव्या पिकाच्या सणाची, मिस्सा झाली होती. नव्या भाताच्या लोंब्यांना फादरांनी आशीर्वाद दिला, त्या घरोघर वाटल्या गेल्या, आणि जेवायला पाहुणे येणार म्हणून आईने तिला नंदाखालच्या घरून स्कूटीवर पिटाळलं होतं. कोळीण लीलामावशी कोळंबीचा वाटा पिशवीत ओतत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी हसलं. हे हसणं एलिसाने हजारांत ओळखलं असतं. तिने मान वळवली.

सुरूच्या झाडाखाली डॉक्टर ऑस्टिन डाबरे शहाळं पीत उभा होता. एकटा नाही. शेजारी एक उंच, सावळी, कापलेल्या केसांची मुलगी होती. तिने बोलता बोलता त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. बोलणं क्षणभरही थांबलं नाही. अगदी सवयीने केलं तिने ते.

त्या सवयीने एलिसाचा जीव जळला.

“कोनाकडं बघतेस गो?” लीलामावशी म्हणाली. “पिशवी सरळ धर, पानी पायावर गळतंय.”

पळून जावं म्हणून एलिसा स्कूटीकडे वळली, पण ऑस्टिनने तिला पाहिलं होतं. तो वाळूतून भराभर चालत आला, आणि मागोमाग ती उंच मुलगीही.

“एलिसा! कोळंबी? आमच्यासाठी?”

“पाहुण्यांसाठी.”

“मग मी पाहुणा म्हणून आलो तर?”

“पाहुणे आधी सांगून येतात,” एलिसा म्हणाली, आणि तिची नजर त्या मुलीवरून फिरली. “किती जण येणार तेही सांगतात.”

ऑस्टिन गोंधळला. “ही इशिता. आणि ही — ही एलिसा. आमच्या हॉस्पिटलमधली.”

आमच्या हॉस्पिटलमधली! लिफ्ट असते तशी, वॉटर कूलर असतो तसा. एलिसाने स्कूटी सुरू केली आणि घरी येऊन कोळंबी सोलताना तीनदा बोट टोचून घेतलं.

आता या दोघांचं काय होतं, ते सांगायला हवं. खरं तर काहीच नव्हतं, आणि पंचाईत तीच होती. वसईतल्या एका साठ खाटांच्या हॉस्पिटलात ऑस्टिन आयसीयूचा डॉक्टर, आणि एलिसा तिथली क्लिनिकल फार्मासिस्ट. कोणत्या पेशंटला कोणतं औषध, किती आणि किती तासांनी, हे तपासणं तिचं काम. तिच्या मावश्या लग्नकार्यात ‘आमची एलिसा मेडिकलवर बसते’ असं सांगायच्या आणि ती दर वेळी दात-ओठ खायची. आठ महिन्यांपूर्वी ती इथे लागली आणि पहिल्याच आठवड्यात ऑस्टिनशी भांडली.

भांडण किडनीवरून होतं. रक्तात जंतू पसरले की किडनी मंदावते, आणि किडनी मंदावली की औषध शरीराबाहेर पडत नाही, साठत जातं. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वाढला, म्हणजे किडनी मंदावली असं धरून डोस कमी करतात. ऑस्टिन तसाच कमी करायला निघाला होता. एलिसाने त्याचा पेन धरला होता. अक्षरशः धरला होता. “दोन दिवस थांबा, डॉक्टर. क्रिएटिनिनचा आकडा कालचा असतो. किडनी आज उघडली तर औषध वाहून जाईल आणि जंतू मोकळे सुटतील.” ऑस्टिन हसून म्हणाला होता, “पेन तरी द्या, मॅडम.” तिथून सगळं सुरू झालं. रोजची भांडणं, रोजचा चहा. ती चिठ्ठीवर डोस लिहायची, तो सही करायचा, आणि सही करताना उगाच एखादी चूक शोधल्यासारखं करायचा. तेवढ्यासाठी एलिसा आदल्या रात्री नखं रंगवायची, पण हे कोणाला सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती उंच मुलगी पांढरा कोट घालून आयसीयूत उभी होती.

“डॉक्टर इशिता देवरे. आपल्या नव्या किडनीतज्ज्ञ,” ऑस्टिनने सगळ्यांना सांगितलं. “नाशिकच्या. आता नायगावला राहायला आल्यात. आम्ही एका कॉलेजचे.”

“कोळंबी छान झाली का?” इशिताने एलिसाला विचारलं. मनापासून विचारलं, हाच तिचा मोठा गुन्हा.

“संपली,” एलिसा म्हणाली.

चार नंबरच्या खाटेवर भुईगावचे बॅप्टिस्ट काका होते. केळीचा लोंगर उतरवताना कोयता पायावर बसला, आणि काकांनी हळद दाबून चार दिवस अंगावर काढले. रविवारी संध्याकाळी आणलं तेव्हा शुद्ध हरपत चालली होती. जखमेतले जंतू रक्तात, बीपी खाली, लघवी जवळपास बंद. क्रिएटिनिन एकच्या आसपास हवं, ते चारच्या घरात. जंतू मारणाऱ्या मेरोपेनेमचा एक ग्राम रात्री दहाला गेला होता, दुसरा सकाळी सहाला. पुढचा दुपारी दोनला द्यायचा होता. बायको, क्लेमेंटीन काकी, दाराबाहेर रोझरीची माळ घेऊन बसली होती.

“एलिसा, डोस?” ऑस्टिनने नेहमीसारखं विचारलं.

एलिसाने तोंड उघडलं, पण त्याआधी इशिता बोलली. “आहे तोच राहू दे. दोन दिवस हात लावू नका. क्रिएटिनिनचा आकडा कालचा असतो.”

एलिसाचं तोंड उघडंच राहिलं. तिचं वाक्य होतं ते. शब्दाला शब्द तिचं! हे त्याने हिला सांगितलं? तिथे, सुरूखाली, शहाळं पिता पिता? आपल्या पहिल्या भांडणातलं वाक्य उचलून हिच्या ओंजळीत टाकलं? आयसीयूत काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट ठाऊक असू शकते, हे तेव्हा तिला सुचलं नाही. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“पुस्तकात अर्धा ग्राम आहे,” ती म्हणाली. “बारा तासांनी.”

इशिताने शांतपणे तिच्याकडे पाहिलं. “ते ज्यांची किडनी कायमची कमी झालीय त्यांच्यासाठी. यांची गेल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होती.”

“काका एकोणसत्तर वर्षांचे आहेत. औषध साठून फिट आली तर?”

“शक्यता कमी आहे. जंतू सुटायची जास्त आहे.”

इशिताचं बरोबर होतं. एलिसाला ते माहीत होतं. आपण आठ महिने जे सांगत आलो त्याच्या उलट बोलतोय, हे तिला ऐकू येत होतं, आणि तरी तिचा हात चिठ्ठीवर अर्धा ग्राम, बारा तास असं लिहीत होता. माघार घ्यायची, तीही हिच्यासमोर? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं. मरणार कोण, हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात आलाच नाही.

ऑस्टिनने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्याच्या कपाळावर बारीकशी आठी आली, काहीतरी आठवल्यासारखी. मग त्याने चिठ्ठी ओढली आणि सही केली.

“एलिसाचा डोस राहू दे,” तो म्हणाला.

जिंकल्याचा आनंद आयसीयूच्या दारापर्यंत टिकला. दाराबाहेर क्लेमेंटीन काकीने तिचा हात धरला. “पोरी, औषध चांगलं चाललंय ना?” एलिसाने मान हलवली आणि जिन्याकडे सुटली.

दुपारभर ती आयसीयूत फिरकली नाही. तिथे इशिता होती, आणि इशिताच्या आजूबाजूला ऑस्टिन होता. दोनचा डोस अर्थातच गेला नाही. नव्या हिशेबाने पुढचा संध्याकाळी सहाला होता, तोही अर्धाच. पाच वाजायला दहा मिनिटं असताना दिशा सिस्टरचा फोन आला.

“एलिसा, चार नंबर बघून जातेस का? लघवीची पिशवी भरतेय. आणि ताप एकशेतीनवर गेलाय.”

एलिसा वर गेली. चार्टवर दिशाचं सुबक अक्षर होतं. दोनला तीस मिलिलीटर, तीनला पन्नास, चारला सत्तर. किडनी उघडली होती. सकाळचा आकडा खरंच कालचा होता. बीपी टिकवायचं औषध दुपारपासून दोनदा वाढवावं लागलं होतं. ताप त्या चुकलेल्या डोसमुळेच चढला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, पण औषध वाहून जातंय आणि मागून नवं येत नाहीये, हे समजायला एलिसाला कागद-पेन लागत नव्हतं. काकांचे ओठ सुकले होते. हात थरथरत होता.

तिने चार्टमधली आपली सकाळची चिठ्ठी शोधून काढली.

एक सोपा रस्ता होता. नवी चिठ्ठी लिहायची, ‘लघवी वाढल्याने डोस वाढवला’. खोटं काहीच नाही, आणि कोणाला कळणारही नाही. तिने पेन उघडलासुद्धा. पण मग सकाळची चिठ्ठी बरोबर ठरली असती, आणि ती बरोबर नव्हती. तिने पेन बंद केला.

“दिशा, मेरोपेनेमचा एक ग्राम काढून ठेव. मी सही घेऊन येते.”

ऑस्टिन आणि इशिता कॅन्टीनमध्ये होते. एकाच बशीतल्या बटाटवड्याचे दोन तुकडे, आणि तो हसत होता. तेच हसणं. त्या क्षणी एलिसाला पाठ फिरवून थेट घरी जावंसं इतकं वाटलं, की तिने दाराची चौकट घट्ट धरली. मग ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

“चार नंबरची लघवी सुरू झालीय. ताप वाढलाय. एक ग्राम, आठ तासांनी. पहिला आत्ता, सहाची वाट न बघता.” तिने चिठ्ठी पुढे केली. ऑस्टिनपुढे नाही. इशितापुढे. “सकाळी तुमचं बरोबर होतं, मॅडम. मी चुकले.”

इशिताने उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली आणि सही केली. “होतं असं. पुस्तकात तसं दिलंय—”

“नाही. मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही म्हणालात ते. सकाळी, तेव्हाच.”

इशिताचा चेहरा हळूहळू कडक झाला. “माहीत असून लिहिलंस?”

“हो.”

“का?”

एलिसाची नजर नकळत ऑस्टिनकडे गेली.

इशिताने तिच्याकडे पाहिलं, मग ऑस्टिनकडे. ती अजिबात मूर्ख नव्हती. “आणि तू? सही तुझी आहे,” ती ऑस्टिनला म्हणाली. “तुम्हा दोघांचं जे काय असेल ते आयसीयूच्या बाहेर ठेवा. आत माणूस आहे.” चिठ्ठी घेऊन ती निघाली. जिन्यावर तिची पावलं दोन-दोन पायऱ्या चढत गेलेली ऐकू आली.

“एलिसा...” ऑस्टिन म्हणाला.

“फॉर्म भरते,” एलिसा म्हणाली आणि तीही गेली.

त्या हॉस्पिटलात चूक झाली की तीन प्रतींत एक फॉर्म भरायचा असतो. चूक कोणती, कोणाची, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय काय. भरलेला फॉर्म आयसीयूच्या डॉक्टरकडे जातो आणि शेवटी फार्मसीत, एलिसाच्याच फाइलमध्ये येतो. आजवर तिने दुसऱ्यांचे चाळीस-पन्नास फॉर्म लावले होते. स्वतःचा हा पहिला.

‘कारण’ या रकान्यात छापील पर्याय होते. माहितीचा अभाव. कामाचा ताण. अक्षर न लागणे. इतर. एलिसाने ‘कामाचा ताण’वर खूण केली. थोडा वेळ बघितलं. फॉर्म फाडला. दुसरा घेतला, ‘इतर’वर खूण केली, आणि पुढच्या दोन ओळी एका दमात लिहिल्या. थांबली असती तर लिहिल्याच गेल्या नसत्या.

‘सूचना बरोबर आहे हे मला माहीत होतं. सूचना करणाऱ्या डॉक्टरांचा मला मत्सर वाटला, डॉ. ऑस्टिन डाबरे यांच्यावरून.’

फॉर्म ऑस्टिनच्या ट्रेमध्ये टाकून ती खाली आली. आठ महिने जे चहावर बोलता आलं नाही, ते तिने तीन प्रतींत लिहून दिलं होतं.

मंगळवार वाईट गेला. काकांचा ताप हटेना. ऑस्टिन समोर आला, आकड्यांपुरतं बोलला आणि गेला. दुपारी एलिसा क्लेमेंटीन काकीशेजारी बाकावर बसली. काकीने पिशवीतून दोन वेलची केळी काढून तिच्या हातात ठेवली, आणि एलिसाला राहवलं नाही.

“काकी, काल दुपारचा एक डोस माझ्यामुळे गेला नाही. चूक माझी आहे. डॉक्टर तुम्हाला सांगतीलच, पण मी आधी सांगते.”

काकीने तिच्या हातातल्या केळ्यांकडे पाहिलं. केळी परत घेईल असं एलिसाला वाटलं.

“आता चुकवू नकोस,” काकी म्हणाली, आणि रोझरीचे मणी पुढे सरकले.

बुधवारी ताप उतरू लागला. रात्रीपर्यंत बीपीचं औषध निम्म्यावर आलं. गुरुवारी सकाळी बॅप्टिस्ट काकांनी डोळे उघडून केळीला पाणी कोण देतंय असं विचारलं, आणि काकी चार दिवसांत पहिल्यांदा रडली.

एलिसा खाली फार्मसीत आली तेव्हा टेबलावर दोन फॉर्म होते. एक तिचा, ऑस्टिनची सही झालेला. शेरा काहीच नव्हता. दुसरा कोणाचा? तिने उलटून पाहिला. नाव : डॉ. ऑस्टिन डाबरे. चूक : डोस न तपासता सही केली.

कारण : इतर. ‘डोस चुकीचा वाटला होता. योग्य काय ते आठ महिन्यांपूर्वी याच फार्मासिस्टने मला शिकवलं होतं. तरीही सही केली, कारण ती म्हणाली होती. ती काही म्हणाली की मला नाही म्हणता येत नाही.’

पुन्हा होऊ नये म्हणून उपाय : ‘एलिसा तुस्कानो यांच्या चिठ्ठ्यांवर यापुढे माझी सही घेऊ नये. माझा त्यांच्या बाबतीतला तटस्थपणा संपलेला आहे. डॉ. इशिता देवरे यांची सही घ्यावी.’

तिने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचत असताना दारात चष्मा दिसला.

“दोन दिवस गप्प होतास,” ती म्हणाली. डॉक्टर, तुम्ही, हे सगळं तिच्या जिभेवरून आपोआप गळून पडलं.

“काका मरतील असं वाटत होतं. ते गेले असते तर तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती... तुझ्याइतकाच मीही चुकलो होतो.” तो आत आला. औषधांच्या खोक्यांमध्ये उभं राहायला जेमतेम जागा होती. “फॉर्म वाचलास?”

“अक्षर लागत नव्हतं.”

“मग तोंडी सांगतो. मला तू आवडतेस. पेन धरलास त्या दिवसापासून.”

एलिसाने हातातला फॉर्म छातीशी धरला. पण ती एलिसा होती. “चष्मा कोण पुसतं तुझा?”

तो चमकला. मग खरं तेच बोलला. “कॉलेजात दोन वर्षं होतो आम्ही एकत्र. तिने संपवलं, बरं केलं. चार वर्षं झाली. रविवारी ती नायगावला राहायला आली, मी किनारा दाखवायला नेलं. तिची ती सवय राहून गेलीय. तिला कळतही नाही.”

“मला कळतं.”

“दिसलं ते. तीन प्रतींत.”

“आणि माझं ते वाक्य? आकडा कालचा असतो... ते तू तिला सांगितलंस?”

“कुठलं? अगं, ते प्रत्येक किडनीवाला म्हणतो.” मग हळूच, “पण मी ते तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं.”

एलिसाने डोळे मिटले, उघडले. “मला इशिता आवडत नाही,” ती म्हणाली.

“चांगली आहे गं ती.”

“तेच आवडत नाही.”

तो हसला. तेच हसणं, पण या वेळी सगळंच्या सगळं तिच्यासाठी होतं. त्याने हात पुढे केला, मध्येच थांबवला... आणि एलिसाने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या कोटाच्या बाहीने घासून घासून पुसला आणि परत बसवला. थोडा वाकडाच बसला.

“तूही आवडतोस मला,” ती म्हणाली. “खूप. आता बाजूला हो, चार नंबरचा डोस आहे.”

वर इशिता काकांच्या खाटेपाशी उभी होती. एलिसाने चिठ्ठी तिच्या हातात दिली. मागे ऑस्टिन येऊन उभा राहिला होता, पण इशिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने चार्ट उघडला, आजची लघवी पाहिली, वजन पाहिलं, एकेका आकड्यावर बोट ठेवून चिठ्ठी दोनदा वाचली. चूक सापडली असती तर तिने ती सोडली नसती. मग सही केली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“थँक्यू, मॅडम,” एलिसा म्हणाली, आणि ही बाई आपल्याला थोडीशी आवडायला लागणार अशी तिला धास्ती वाटली.

तिने वळून पाहिलं. ऑस्टिन खिशात हात घालून खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आता त्याच्याकडे तपासायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तो नुसता तिच्याकडे बघत होता.